फूमा मावशीचा दुसरा वस्तरा

फूमा मावशीला माझी दाढी करायची फार हौस होती, आणि मला तिच्याकडून करून घ्यायची बिलकूल नव्हती. यात तिच्या हाताचा दोष नाही. अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या होबोकेन गावात तिच्याइतका हलका हात कुणाचा नाही, असं सगळेच सांगायचे. फक्त ज्यांना तो हात लागला होता, त्यांच्यापैकी कुणी सांगायला मागे उरलेलं नव्हतं. फूमा मावशी मेलेल्यांची दाढी करायची.

पोटासाठी ती हे करत नव्हती. पोटासाठी ती कोटांच्या कारखान्यात काजं करायची, दिवसाला शेकड्यांनी. पण आमच्या बेटावर तिच्या आईकडे मयताला न्हाऊ घालायचं काम होतं आणि ते हातातून हातात आलं होतं. इथे आमच्यातला पहिला म्हातारा गेला, तेव्हा कोपऱ्यावरच्या अंत्यविधीवाल्याने त्याला पावडर-लाली लावून असा काही सजवला की मावशी पेटीजवळ गेली आणि म्हणाली, "हा निवडणुकीला उभा राहतोय का पुरायचाय?" तिने सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं, आणि अर्ध्या तासाने उघडलं तेव्हा म्हातारा पुन्हा आपला म्हातारा झाला होता. ते पाहून इटालियन बायका आपसांत कुजबुजल्या. पुढच्या महिन्यात त्यांच्यातला एक गेला, तेव्हा बोलावणं आलं. तिथून पुढे ॲडम्स रस्त्यावरचा कुठलाही पुरुष, त्यांचा असो की आमचा, तिच्या हातून गेल्याशिवाय मातीत गेला नाही.

ती काळी पिशवी घेऊन रस्त्याने निघाली की पन्नाशीपुढचे बाप्ये लोखंडाला हात लावायचे. इटालियनांचा तो रिवाज आहे, वाईट नजर टळावी म्हणून. कुणी खिशातल्या किल्ल्या चाचपायचा, कुणी जिन्याचा कठडा पकडायचा. मावशी मुद्दाम थांबायची, हनुवटीकडे निरखून बघायची आणि म्हणायची, "अजून वेळ आहे. पण मिशीचं काय करायचं ते लिहून ठेव." पाठीमागे तिला वस्तराबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती.

आमचं आणि इटालियनांचं नातं हे असं. आमचं बेट एड्रियाटिक समुद्रातलं, माणसं क्रोएशियन. पण तिथे झेंडे इतक्या वेळा बदलले की एकाच घरात आजोबा ऑस्ट्रियाचे, बाप इटलीचा, पोरगा युगोस्लावियाचा, आणि तिघांपैकी कुणी घराचा उंबरा सोडलेला नाही. इथे आल्यावर आमच्या लोकांनी इटालियनांचं चर्च धरलं, त्यांच्या क्लबात पत्ते धरले, त्यांच्या उत्सवाच्या मिरवणुकीत मातेच्या मूर्तीच्या होडीला खांदा दिला. माझ्या बापाने तर त्यांची मुलगीच धरली. माझी आई मोल्फेत्ताची, समुद्रापलीकडच्या इटालियन किनाऱ्यावरची. म्हणून मावशी मला 'अर्धवट' म्हणायची. "ए अर्धवटा, खाली ये." ती सख्खी मावशी नव्हे, बापाच्या बेटावरची; मी तिच्या वरच्या मजल्यावर राहायचो, गोदीत दुपारच्या पाळीला जायचो आणि सकाळी मोकळा असायचो. तिच्या दृष्टीने मोकळा माणूस म्हणजे तिचाच माणूस.

आमच्या दोन बोलींत शेकडो शब्द सारखे, आणि तीच गोची. आमच्याकडे बार्बा म्हणजे काका, वडीलधारा माणूस, होडीचा धनी. इटालियनांकडे बार्बा म्हणजे दाढी. माझ्या आई-बापाच्या लग्नात बाप पेला घेऊन उठला आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाला, "इथे जमलेल्या सगळ्या बार्बांना माझा दंडवत!" आईकडचे सगळे पुरुष आपापली हनुवटी चाचपायला लागले. माझ्या आजोबांनी त्या दिवशी दोनदा दाढी केली होती. त्यांनी हा टोमणा समजून पुढची चार वर्षं जावयाशी बोलणं टाकलं.

आता मावशीच्या वडिलांचं. त्यांना सगळं बेट बार्बा लुका म्हणायचं. नुसतं लुका म्हटलं तर ते ओ देत नसत. लाल केसांचं तेवढं एकच घर आमच्या बेटावर. केस म्हणजे गंजलेल्या नांगराच्या रंगाचे. सत्तेचाळीस साली त्यांनी आपल्या होडीतून नऊ माणसं चोरून पलीकडे, इटलीच्या वाळूवर नेऊन उतरवली. त्यात मावशी होती आणि माझा बापही होता. उरलेल्यांना आणायला बार्बा लुका लगेच परत फिरले. जाताना त्यांनी खिशातला वस्तरा काढून लेकीच्या हातात दिला. "एवढा सांभाळ. ओला झाला तर गंजायचा. दुसरी खेप झाली की तुझ्याच हातून करून घेईन."

ते बेटावर पोचले नाहीत. इटलीलाही आले नाहीत. बेटावरची माणसं बोरूच्या बनात तीन दिवस बसून राहिली आणि मग एकेक करून घरी गेली.

तो वस्तरा मावशीच्या कपाटात, बिस्किटांच्या डब्यात, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला होता. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती तो काढायची, पट्ट्यावर धार द्यायची, पुन्हा गुंडाळून ठेवायची. तो कुणाच्याही गालाला लागलेला नव्हता. बाकी सगळ्या मेलेल्यांना दुसरा, साधा वस्तरा.

आणि दाढीचं एवढं का, तर आमच्याकडे म्हणतात की दाढी वाढलेला मेला तर वरच्या आपल्या माणसांना तो ओळखूच येत नाही. ते दार उघडत नाहीत. मग तो परत येतो आणि दारोदार आपलं नाव विचारत फिरतो. माझी आई याला बेटावरचा खुळचटपणा म्हणायची. बापाची दाढी मात्र तिने कधी दोन दिवसांची होऊ दिली नाही.

ऑक्टोबर अर्धा सरला की चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी ठेवतात. घराघराने आपल्या मेलेल्यांची नावं कागदावर लिहून त्यात टाकायची. नोव्हेंबरच्या दोन तारखेला पाद्री ती सगळी वाचतो, त्यांची नि आमची एकाच दमात. मावशी दरवर्षी आईचं नाव टाकायची. वडिलांचं नाही.

"फूमा, इतकी वर्षं झाली," माझा बाप दरवर्षी म्हणायचा. "या खेपेला तरी लिही."

"लिहिते की. मेलेला कुठे दिसला ते सांग, लगेच लिहिते."

"अगं, जिवंत असता तर नव्वदीला टेकला असता."

"मग टेकू दे. तुझ्या घरी टेकायला आलाय का?"

बाप टोपी घालून क्लबाची वाट धरायचा. पण एकदा मावशी मला एकटीच म्हणाली होती, "जिवंत म्हणावं तर वाट बघते. मेले म्हणावं तर दाढी राहिली. दोन्हींपैकी एक तरी कुणी हातात द्यावं रे." तेवढं एकदाच. नंतर मला म्हणाली, "तुझे कल्ले वाकडे आहेत. बस खाली." मी पळालो.

बाहत्तर सालच्या ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. नदीवरून असं धुकं आलेलं की समोरचं न्यूयॉर्क कुणी उचलून नेल्यासारखं. नदीतले भोंगे दिवसाउजेडी वाजत होते. गुरुवारी सकाळी नुन्त्सिया आली. ही कोर्रादो स्पादावेक्कियाची मुलगी. कोर्रादो मोल्फेत्ताचा, तिकडे मासेमारीच्या बोटीचा तांडेल होता, अकरा वर्षांमागे इकडे आला. उत्सवात होडीचा पहिला खांदा त्याचा. त्याच्या आडनावाचा अर्थ 'जुनी तलवार', पण मावशी दिसली की तलवार म्यानात. बाकीचे लोखंडाला हात लावायचे. हा पलीकडच्या फुटपाथवर जायचा. चर्चमध्ये मात्र त्याची जागा तिच्या बरोबर मागच्या बाकावर, आणि बाक काही त्याने बदलला नाही. आम्ही क्लबात त्याची टर उडवायचो.

"दोन्ना फूमा, बाबांची दाढी करायला चला," नुन्त्सिया इटालियन अदबीने म्हणाली.

मावशीने छातीवर क्रूस काढला. "कधी गेले?"

"गेले नाहीत. आहेत. अंथरुणाला खिळलेत. चार दिवस झाले, एकच घोकतायत, 'बार्बा लुंगा, बार्बा लुंगा.' दाढी लांब वाढली, दाढी लांब वाढली. न्हाव्याला आणला तर त्याच्या हाताला चावले. म्हणतात, त्या बेटावालीला बोलाव."

"मी जिवंतांची करत नाही."

"मग काय, जायची वाट बघू?"

"बहुतेक लोक बघतात," मावशी म्हणाली. पण पिशवी तिने तोवर उचलली होती. जिन्याखालून ओरडली, "अर्धवटा! चल. माझी माणसं मान हलवत नाहीत. याची धरायला कुणीतरी पाहिजे."

तिसरा मजला. खोलीत कापराचा वास. उशीवर कोर्रादो, नुसती हाडं आणि डोळे. भिंतीवर त्याचा तरुणपणीचा फोटो, बोटीवर उभा, केस काळे कुळकुळीत. आता डोकं पांढरं, आणि गालावर चार दिवसांचे पांढरे खुंट. लांब म्हणावी अशी दाढी कुठेच नव्हती.

"एवढ्यासाठी चावलास होय?" मावशीने विचारलं.

तो तिच्याकडे बघत राहिला. पलीकडच्या फुटपाथवरून अकरा वर्षं न बघितलेलं सगळं एकदम बघून घ्यावं तसा. मग ओठ हलले. "बार्बा लुंगा."

"करतेय की. थांब जरा."

मी त्याची मान धरली. ती पाखरासारखी गरम होती, आणि मावशीला त्या गरमीची सवय नव्हती. पहिल्यांदा बोट लावल्यावर तिने हात मागे घेतला. नंतर मात्र सफाईने फेस, वस्तरा, तुरटी. गाल लख्ख झाले. मावशीने आरसा धरला. कोर्रादोने आरशात पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "बार्बा लुंगा."

"यांची दृष्टी गेली," मावशी नुन्त्सियाला म्हणाली. "सूप पाज."

शुक्रवारी सकाळी नुन्त्सिया पुन्हा दारात. आज तिने डोक्याला रुमालही बांधला नव्हता. "चला," एवढंच म्हणाली.

कोर्रादोच्या हनुवटीवर बोटभर दाढी होती. कालच्या सकाळपासून आजच्या सकाळपर्यंत. आणि ती पांढरी नव्हती. मळकट, तांबूस, चहाच्या चोथ्यासारखी.

"डॉक्टर येऊन गेले," नुन्त्सिया म्हणाली. "म्हणाले, औषधाचा रंग उतरतो कधीकधी."

डॉक्टर क्लबात पत्ते हरले की 'उजेड कमी होता' म्हणायचे, तेव्हा त्यांच्या कारणांवर मी फार विसंबत नाही. पण त्या क्षणी ते कारण मला फार आवडलं. मी ते दोनदा मोठ्याने म्हणून बघितलं.

मावशीने पिशवी उघडली. तिने वाडग्यात गरम पाणी घेतलं, ब्रश बुडवला, आणि सवयीने बोट ओठाला लावून ऊन आहे का ते पाहिलं. मग थांबली. "नुन्त्सिया, पाण्यात मीठ का घातलंस?"

"मीठ? नळाचं पाणी आहे, दोन्ना फूमा. आत्ता तुमच्यासमोर भरलं."

मावशीने वाडगा माझ्यापुढे धरला. मी चाखलं नाही. अर्धवट असलो तरी तेवढा शहाणा आहे. तिने पाणी ओतलं, दुसरं घेतलं, चाखलं, कामाला लागली. केस वाडग्यात पडत होते आणि बुडत नव्हते. काठाकाठाने गोल फिरत होते, समुद्रावर चिपाडं फिरतात तसे. कोर्रादो वस्तऱ्याखाली बोलत राहिला. "बार्बा लुंगा. बार्बा लुंगा."

घरी येताना मावशी चर्चपाशी थांबली. दाराशी ती लाकडी पेटी होती. तिच्याकडे बघत मला म्हणाली, "तुझ्या बापाला विचार. होडीतून उतरलो तेव्हा माझ्या बाबांची दाढी किती दिवसांची होती?"

मी विचारलं. बाप पत्ते पिसत होता, त्याने मान वर केली नाही. "दोन दिवसांची. उन्हात तांब्यासारखी चमकत होती. का रे?"

मी म्हणालो, सहज.

शनिवारी नुन्त्सिया आलीच नाही. मावशी आपणहून निघाली. मी पाळीचं, पायदुखीचं, धुक्याचं निमित्त सांगून पाहिलं. ती म्हणाली, "तू येऊ नकोस. फक्त मान धरायला ये."

जिना चढताना वरून काहीच ऐकू येत नव्हतं, आणि तेच वाईट होतं. नुन्त्सिया खोलीबाहेर खुर्चीवर बसली होती, हातात जपमाळ. आत बघत नव्हती. दार ढकललं.

दाढी छातीपर्यंत आली होती. सदऱ्याच्या तिसऱ्या बटणाला टेकलेली. दाट, राठ, आणि रंग असा की त्याबद्दल कुणाला शंका येऊ नये. गंजलेल्या नांगराचा. पांढऱ्या डोक्याच्या, मोल्फेत्ताच्या त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर ती दाढी दुसऱ्या कुणीतरी ठेवायला दिल्यासारखी होती. केसांच्या टोकांना पांढरं काहीतरी सुकलेलं होतं. मला वाटलं, सुपाचं पीठ असेल. अजूनही मी तसंच म्हणतो.

मावशी उंबऱ्यात उभी राहिली. मी तिला पंधरा-वीस मेलेल्यांच्या खोल्यांत जाताना पाहिलंय; पाय कधी अडखळला नव्हता.

"नुन्त्सिया," ती म्हणाली, "कॉफी टाक. वेळ लावून टाक."

नुन्त्सिया गेली. मावशीने खुर्ची पलंगाशी ओढली, आणि कोर्रादोने तोंड उघडायच्या आत तिने आपल्या बोलीत विचारलं, "कोण बार्बा?"

तीन दिवस आम्ही इटालियन घरात इटालियन कानांनी ऐकत होतो. मीसुद्धा, ज्याच्या आई-बापाचं लग्न त्या एका शब्दावर नासता नासता राहिलं होतं. बार्बा लुंगा नव्हतंच ते. म्हातारा पहिल्या दिवसापासून 'बार्बा लुका' म्हणत होता, आणि त्याची स्वतःची मुलगी त्याला दाढीची काळजी समजत होती.

कोर्रादोचा श्वास सुटला. मग तो बोलला, तुटक, मध्ये थांबत, पण स्पष्ट.

"सत्तेचाळीस साल. आम्ही पलीकडच्या पाण्यात जाळं टाकलं होतं. तिथे जायची मनाई होती. सकाळी एक माणूस दिसला, फळीला धरून. वर घेतला. जिवंत होता. दाढी वाढलेली, तांबडी, सगळी मिठाने पांढरी. मी विचारलं, नाव काय तुझं? तो म्हणाला, बार्बा लुका. आम्ही ऐकलं, बार्बा लुंगा. हसलो आम्ही. मरायला टेकलाय आणि याला दाढीची पडलीये! मी पुन्हा विचारलं, नाव, नाव? पुन्हा तेच. मी म्हटलं, बरं बाबा, मोल्फेत्ताला पोचलो की करून देऊ. सगळी बोट हसली."

मावशीचे हात मांडीवर होते. हलले नाहीत.

"संध्याकाळपर्यंत विचारत होतो. तो तेच सांगत होता. शेवटी चिडला, असं वाटलं मला. मग गेला. मयत घेऊन बंदरात जायचं तर कुठल्या पाण्यात सापडला ते सांगावं लागलं असतं. बोट गेली असती. तांडेल मी होतो. मी म्हणालो, सोडा. सोडला. प्रार्थना म्हणायची तर नाव माहीत नाही. बिननावाची म्हटली."

"आणि इथे?" मावशीने विचारलं.

"इथे आलो त्या वर्षी उत्सवात तू कुणाला तरी सांगत होतीस. माझे वडील, बार्बा लुका. मी तुझ्या मागे उभा होतो. खांद्यावर माता होती. तेव्हा कळलं तो काय सांगत होता." त्याने डोळे तिच्यावरून हलवले नाहीत. "रोज सांगायचं ठरवलं. रोज रस्ता ओलांडला. आता सहा दिवसांपासून तो येतोय. त्याला वाटतं, मला अजून नाव कळलेलं नाही."

खाली भोंगा वाजला. स्वयंपाकघरात कपबशी आपटली.

मी मावशीकडे बघितलं नाही. ती ओरडेल, उशी त्याच्या तोंडावर दाबेल, निघून जाईल, काहीही करेल असं वाटत होतं, आणि कुठलंही केलं असतं तरी मी तिचीच बाजू घेतली असती. ती म्हणाली, "अर्धवटा, घरी जा. कपाटातला बिस्किटांचा डबा घेऊन ये. उघडू नकोस."

मी धावत गेलो, धावत आलो. डबा हलका होता.

फडकं सोडलं तेव्हा पातं नव्यासारखं होतं. पंचवीस वर्षांची धार, एकदाही न वापरलेली. मावशीने पाणी घेतलं, चाखलं. खारट होतं की नाही ते सांगितलं नाही. मी मान धरली. ती मान आज गरम नव्हती.

"हनुवटी वर करा, बाबा," मावशी म्हणाली. आमच्या बोलीत.

म्हाताऱ्याने हनुवटी वर केली. कोर्रादोला आमची बोली येत नव्हती.

तिने घाई केली नाही. आधी कात्रीने लांबी उतरवली, मग फेस, मग गाल, मग दुसरा गाल. प्रत्येक फटक्याला ती पातं फडक्याला पुसायची, आणि फडक्यावर तांबड्या रेघा ओळीने लागायच्या. गळ्याच्या घाटीशी आली तेव्हा पातं पहिल्यांदा घसरलं. एक थेंब रक्त आलं.

"हळू गं, फुमिका," तो म्हणाला.

फुमिका. हे नाव मी कधीच कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आवाज म्हाताऱ्याच्या घशातूनच आला, माझ्या हाताला तो थरथरलेला जाणवला. मी त्या वेळी खिडकीकडे बघत होतो, असं मी सगळ्यांना सांगतो. खिडकीत धुक्याशिवाय काही नव्हतं, त्यामुळे ते कुणाला खोटं पाडता येत नाही.

मावशी म्हणाली, "झालंच, बाबा. एवढं राहिलं."

नुन्त्सिया कॉफीचा ट्रे घेऊन आत आली. "काय म्हणाले?"

"हळू म्हणाले," मावशीने सांगितलं. तिने तुरटी फिरवली, फडकं घडी घालून डब्यात ठेवलं, वस्तरा पुसला. मग कोर्रादोच्या कपाळावर दोन बोटं ठेवली. ती क्षमा होती की ताप बघत होती, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

त्याच दुपारी बाराचे ठोके पडले तेव्हा कोर्रादो गेला. 'बार्बा' हा शब्द त्याने पुन्हा उच्चारला नाही. सोमवारी अंत्यविधीवाला मावशीला बोलवायला आला आणि स्वतःच गोंधळून म्हणाला, "तुम्ही आधीच करून गेलात की काय? मेल्यावरही थोडी दिसायला लागते, पण यांच्या गालावर एक खुंट नाही. मी पंचवीस वर्षं हे काम करतोय."

"औषधाचा गुण," मावशी म्हणाली.

नुन्त्सियाला तिने काहीच सांगितलं नाही. माझ्या बापाला मी सांगितलं. त्याने पत्ते खाली ठेवले आणि बराच वेळ स्वतःची हनुवटी चोळत बसला. मग म्हणाला, "आम्हा नऊ जणांना त्याने उतरवलं. पाणी गुडघाभर होतं. मी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही."

दोन तारखेला चर्च भरलं होतं. पुढे त्यांचे बाक, डावीकडे मागे आमचे. मावशीच्या मागची जागा रिकामी होती. तिथे कुणी बसलं नाही. पाद्री कागद एकेक करून वाचत होता. कोर्रादो स्पादावेक्किया. मग दोन-चार दुसरी नावं. मग त्याने एक कागद जवळ धरला, चष्मा वर केला, आणि थबकला. इटालियन माणूस तो. मयतांच्या यादीत दाढी कशी आली, असं त्याला वाटलं असणार. त्याने आपल्या परीने चूक सुधारली. "लुका," असं वाचलं.

मावशी उठली. चर्चमध्ये मध्येच कुणी उठत नाही.

"बार्बा लुका," ती म्हणाली. "नुसत्या लुकाला ते ओ देत नाहीत. नीट वाचा."

पाद्रीने नीट वाचलं.

ते ऐकून मागच्या डाव्या बाकांवरच्या सगळ्या माना खाली झाल्या. पुढच्या सगळ्या बाकांवरच्या पुरुषांचे हात एकदम हनुवटीकडे गेले. आणि मी, माझी मान खाली होती आणि हात हनुवटीवर होता. सकाळी नीट दाढी करून निघालो होतो, तरी बोटाखाली थोडं खरखरीत लागलं. माझ्या समोरच्याच बाकावरून मावशीने वळून माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच कल्ल्यांबद्दल काही बोलली नाही.